ओढ्याच्या अभ्याससहलीची परंपरा

नदी-ओढ्यांपासून भूगोल शिकवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजली. टॉमस हक्स्ली यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फिजिओग्राफी’ या पुस्तकात निसर्गाच्या अभ्यासाची सुरुवात थेम्स नदीपासून केली. पॅट्रिक गेडिस यांनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचे खोरे हे एकसंध अभ्यासक्षेत्र मानले. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

अशा सहलींना संस्थात्मक आधार मिळाला तो ब्रिटनमध्ये १९४३ साली स्थापन झालेल्या क्षेत्र-अभ्यास परिषदेमुळे. तिचे पहिले निवासी केंद्र १९४६ मध्ये स्टूर नदीकाठच्या फ्लॅटफर्ड मिल येथे सुरू झाले.

ओढ्यावरील मोजणीची पद्धत सोपी आहे. पात्राची रुंदी व ठिकठिकाणची खोली मोजून छेदाचे क्षेत्रफळ काढतात. ठरावीक अंतर कापायला तरंगत्या बुचाला किती वेळ लागतो, यावरून वेग मिळतो. पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, म्हणून हा वेग थोडा कमी धरतात. क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. पुढे तळातील कीटकांची पाहणीही रूढ झाली: स्टोनफ्लायची पिल्ले स्वच्छ पाण्याची, तर लाल अळ्यांची गर्दी प्राणवायूच्या कमतरतेची खूण मानली जाते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी तयार केलेल्या पर्यावरण अभ्यासक्रमात तळे, नदी व डोंगरउतार यांची प्रत्यक्ष पाहणी समाविष्ट झाली.