दोन पानी संसार : गिरणगावातली काटकसर आणि कोकणातले घर

निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचे की नाही, हा वाद आमच्या घरात गेली दोन वर्षे चालू आहे. डोंबिवलीतल्या फ्लॅटचा देखभाल खर्च, वीज, भाजीपाला, औषधे, रिक्षा यांचा हिशेब मी एका कागदावर मांडला. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी तेवढेच जगायला काय लागेल, ते दुसऱ्या कागदावर मांडले. गावचा आकडा निम्म्याहून कमी आला. मी दोन्ही कागद पत्नीपुढे ठेवले. तिने ते शांतपणे वाचले आणि म्हणाली, "तुमच्या आजोबांना गाव परवडत होतं, कारण तिथे आजी होती. आता आपल्यातली आजी कोण होणार, ते आधी ठरवा."

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या वाक्याची चौकशी करणे भाग पडले. साधन घरातच होते. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर कामाला होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९५२ ते १९६१ या काळातली खर्चाची एक लांबट वही आहे. वही उघडली की डाव्या पानावर 'मुंबई' आणि उजव्या पानावर 'गाव' असे मथळे दिसतात. डावीकडे खानावळ, खोलीभाड्याचा वाटा, तंबाखू, न्हावी, टपाल. उजवीकडे मनिऑर्डर, सारा, घराची शाकारणी, औताचे भाडे, मुलांच्या पाट्या-पुस्तके. एप्रिल १९५७पासून आणे जाऊन नवे पैसे आले. त्या महिन्यात आजोबांनी प्रत्येक रक्कम दोन्ही प्रकारांत लिहून पडताळली आहे. इतका हा माणूस हिशेबी. डावे पान जितके आखडते तितके उजवे पसरते, हे या वहीचे पहिल्या नजरेत दिसणारे सूत्र.

हे सूत्र एकट्या आजोबांचे नव्हते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत या शहराचा कामकरी वर्ग मुख्यतः बाहेरून आला. १९२१च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. हजार पुरुषांमागे शहरात जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. उरलेल्या बायका कुठे होत्या, याचे उत्तर कोकणात मिळते. जो जिल्हा पुरुष पाठवत होता, त्यात बायका मागे राहत होत्या.

पुरुष का निघाले, याचे उत्तर जमिनीत होते. डोंगरउताराची वरकस जमीन, पावसाळ्यातले एकच पीक, आणि त्यावर खोत. कुळाने पिकवलेल्यातला मोठा वाटा खोताच्या घरी जाई. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, जानेवारी १९३८मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडले. तोवर खोताचे देणे आणि वाण्याची उधारी भागवायला रोकड लागे आणि रोकड फक्त मुंबईत होती. रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजे व्हिटली कमिशन, याने १९३१च्या अहवालात हेच नोंदवले : कामगाराला शहर ओढून आणत नाही, गावची परिस्थिती त्याला ढकलते. मात्र त्याच कमिशनने कामगाराचे गावाशी असलेले नाते मोलाचे मानले आणि ते तोडण्याऐवजी टिकवावे, असा कौल दिला. आजारपण, बाळंतपण, बेकारी, म्हातारपण या प्रसंगी गाव आहे, हा आधार सरकारलाही सोयीचा होता आणि गिरणीमालकांनाही. जो खर्च पगारातून किंवा विम्यातून यायला हवा, तो गाव परस्पर उचलत होते.

डाव्या पानावरची काटकसर कशी होती, याचे सरकारी वर्णनही उपलब्ध आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली; तिचा अहवाल १९२३ साली निघाला. कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता. शंभरातली सुमारे सत्त्याण्णव कुटुंबे एका खोलीत राहत होती. आणि एक तुलना त्या काळी फार गाजली : दुष्काळी कामांच्या नियमावलीत जितके धान्य जास्तीत जास्त मिळते, तितके हा कामगार खातो, पण मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जितके ठरवून दिले आहे, त्याहून ते कमी भरते. तेव्हा 'आमचे वाडवडील साधे राहत' असे आपण म्हणतो, त्यातला साधेपणा किती आणि उणीव किती, हे तपासून घेतलेले बरे.

एकट्या पुरुषांचे जगणे आणखी आखडते असे. एका गावचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली घेत. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली आपापली ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर झोपत. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. पगार हातात पडायला पुढच्या महिन्याची दहा-बारा तारीख उजाडे. तोवर खानावळवाली बाई उधारीवर जेवू घाली. तिला धान्य देणारा वाणी उधारीवर व्याज लावी, म्हणजे कामगाराच्या उधारीचा भार ती आपल्या डोक्यावर घेई. या बायकांना बँकेच्या दारात उभे करण्याचे काम प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५मध्ये सुरू केले. तोवर गिरणगावच्या काटकसरीतला हा वाटा कोणाच्याच वहीत नव्हता. माझ्या आजोबांच्या वहीत 'खानावळ' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, त्या बाईचे नाव एकाही पानावर नाही.

उजव्या पानाकडे वळताना एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. गाव हा मुंबईच्या कामगाराचा खरा आधार होता आणि काही वेळा त्याचे बळही. १८९६ साली प्लेग आला तेव्हा काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली. गिरण्या रिकाम्या पडल्या. एरवी महिनोन् महिने पगार अडकवून ठेवणाऱ्या मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. जायला जागा असलेल्या माणसाशी वागताना धनी जपून वागतो, हे तेव्हा दिसले. १९२८चा सार्वत्रिक संप एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने कामाबाहेर होते. तो काळ भाजावळीपासून कापणीपर्यंतचा. हजारो माणसे गावी गेली, शेतात उतरली, घरच्या पेजेवर राहिली. कामगारांना गावाशी बांधलेले, म्हणून लढ्याला कच्चे समजण्याची रीत होती. राजनारायण चंदावरकरांनी आपल्या संशोधनातून ती खोडून काढली : गावाचा आधार होता म्हणूनच संप लांबवता येत होता.

पण संप लांबवणारी ती पेज कोण शिजवत होते? नाचणी कोणी लावली होती? इथे माझ्या वहीतला १९५८चा पावसाळा पुढे येतो.

त्या वर्षी ज्येष्ठात आजीचा बांधावरून पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. वहीत याबद्दल एकच ओळ आहे : 'घरी हात मोडला.' कोणाचा, ते लिहिलेले नाही. मात्र त्यानंतरच्या चार महिन्यांचे उजवे पान मी पूर्वी पाहिलेल्या कोणत्याही पानासारखे नाही. एरवी तिथे पाच-सहा नोंदी असत. आता पान भरून मागच्या बाजूला गेले आहे. भातलावणीच्या बायका. बेणणीच्या बायका. नाचणी लावणे. पाणी भरणारी शेजारीण. गुरे राखणारा पोरगा. शेणगोठा. दळण-कांडण. सरपण. वैद्याचा लेप. म्हातारीला, म्हणजे माझ्या पणजीला, आंघोळ घालणारी बाई. ही सगळी कामे १९५८च्या आधीही होत होती आणि नंतरही झाली. फक्त या चार महिन्यांत त्यांना किंमत पडली, कारण ती करणारी बाई आजारी होती.

त्याच चार महिन्यांत डाव्या पानावर 'खानावळ'पुढे दोन शब्द आलेले आहेत : 'एक वेळ'. आजोबा एकच वेळ जेवत होते. श्रावणात कर्जाची एक रक्कम आहे आणि ती फिटायला पुढचे पावणेदोन वर्ष गेले. कार्तिकात आजीचा हात कामाला लागला आणि उजवे पान पुन्हा पाच-सहा नोंदींवर आले. गाव पुन्हा 'स्वस्त' झाले.

हे वाचल्यावर मी माझा दुसरा कागद काढून पाहिला. त्यावर पाणी शून्य रुपये होते, कारण विहीर घरची. भाजी नाममात्र, कारण परसात होईल. धान्य निम्मे, कारण शेत आहे. आगोटीची बेगमी, म्हणजे सुके मासे, कुळीथ, आमसुले, फणसाच्या आठळ्या, सरपण, यांची किंमत मी धरलीच नव्हती. ती लहानपणी आयती दिसायची. आजोबांच्या वहीतली चूक मी साठ-सत्तर वर्षांनी तशीच्या तशी उतरवली होती.

माझा हा हिशेब एका घराचा आहे. पण गावाचे मोल सगळ्यांसाठी एकसारखे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ज्याला गावात जमीन नव्हती आणि जातीमुळे ज्याला पाणवठा बंद होता, त्याच्यासाठी मुंबईची अंधारी खोलीसुद्धा सुटका होती. नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. माझ्या आजोबांना परतायला गाव होते, कारण त्यांना कूळ म्हणून का होईना जमीन होती. परतीचा रस्ता हीसुद्धा एक मालमत्ताच आहे.

आणि ती मालमत्ता आटते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा १९२८प्रमाणेच गाड्या भरभरून माणसे गावी गेली. या वेळी तिथे वाटण्या होऊन तुकडे झालेली जमीन होती आणि रोकडीवाचून चालेनासा झालेला संसार होता. मनिऑर्डर पाठवणारेच मनिऑर्डरवर जगणाऱ्या घरात येऊन बसले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माझे थोरले काका त्या वर्षी गावी आले आणि परत गेले नाहीत. लोक म्हणत, गाव होते म्हणून ते तगले. मला आठवते ती काकू : पहाटे पऱ्ह्यावरून पाणी, दिवसा दुसऱ्यांच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरण्याची मजुरी, रात्री घरचे.

आजचे कोकण हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने सांगते. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात हजाराच्या वर आकडा असलेले हे दोनच जिल्हे. आणि त्याआधीच्या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. बायका अजूनही मागे राहतात. पण आता त्यांचीही मुले-सुना निघून गेल्या आहेत. आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांना गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप असते. वानर शेत ठेवत नाहीत. लावणीला माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर त्यांना योग्य ती मजुरी द्यावी लागते, जी द्यायलाच हवी.

म्हणून मी तिसरा कागद केला. त्यात पाणी, सरपण, परसू, स्वयंपाक, आजारपणातली शुश्रूषा, सगळ्याला आजच्या मजुरीने किंमत लावली आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करणार, त्याचे नाव लिहायला जागा ठेवली. गावचा आकडा डोंबिवलीच्या फार खाली राहिला नाही. बराचसा फरक तेवढ्या जागांमध्ये दडलेला होता.

तो कागद पत्नीने पाहिला. 'पाणी'पुढे आणि 'दोन्ही वेळची भांडी'पुढे मी माझे नाव लिहिले होते. तिने पेन मागितले, 'परसू'पुढे आपले नाव घातले, 'स्वयंपाक' या ओळीत दोघांची नावे घातली, आणि 'आजारपण' ही ओळ कोरीच ठेवली. "ही भरेपर्यंत फ्लॅट विकायचा नाही," ती म्हणाली. येत्या आगोटीला आम्ही चार महिन्यांसाठी गावी जात आहोत. वही नवी घेतली आहे. यंदा प्रत्येक पानाला तीन रकाने आखले आहेत.