गहाण घर

हौशी खेळाडूस खेळाचे वेतन नाही; मग त्याच्या परदेशगमनाचा खर्च सोसावयाचा कोणी? १९५२ साली गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. ती पुरेना. तेव्हा कोल्हापुरातील राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले!

खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तिचे वर्णन सर्वत्र आढळते. आम्हांस मात्र त्यापुढील हकीकत अधिक मोलाची वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले.