कौटुंबिक हिंसाचारपीडित स्त्रियांचे संरक्षण

पती किंवा कुटुंबातील अन्य व्यक्ती यांच्याकडून होणारी मारहाण, मानसिक छळ, उपासमार व आर्थिक कोंडी यांस बळी पडणाऱ्या स्त्रियांसाठी शासनाने व स्वयंसेवी संस्थांनी योजिलेले उपाय. महाराष्ट्रातील या उपायांच्या इतिहासात एक प्रश्न सतत आढळतो : मार खाणाऱ्या स्त्रीने घर सोडले, तर तिने राहावयाचे कोठे?

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांची दृष्टी मुख्यतः विधवांकडे होती. म. फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३), पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) व धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) या संस्था प्रामुख्याने त्यांच्यासाठी निघाल्या. ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुष तुलना (१८८२) या निबंधात पुरुषांच्या दुटप्पीपणावर कठोर प्रहार केला. तथापि नवऱ्याची मारझोड ही घरातली बाब मानण्याची रीत कायम राहिली. स्वातंत्र्यानंतर, १९६९ मध्ये, केंद्र शासनाने अल्पमुदती निवासगृहांची योजना सुरू केली. तिच्यातही पीडितेनेच घर सोडावे, हे गृहीत होते.

हुंडाबळींविरुद्धच्या आंदोलनांमुळे १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ समाविष्ट झाले. पती व त्याचे नातेवाईक यांच्या क्रूर वर्तनास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा त्यात होती. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.) परंतु नवरा तुरुंगात गेल्याने पत्नीला छप्पर मिळते असे नाही, पुष्कळदा असलेले छप्परही जाते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष उघडला. समाजकार्यकर्त्यांनी पोलिसांच्या आवारात बसून तक्रार ऐकावयाची, स्त्रीला काय हवे ते तिच्याकडूनच समजून घ्यावयाचे, ही त्याची पद्धत. हा कक्ष पुढे राज्याच्या अन्य जिल्ह्यांत नेण्यात आला.

ग्रामीण भागात या प्रश्नाची मांडणी वेगळ्या दिशेने झाली. कांदा व ऊस यांच्या भावासाठी १९८० मध्ये शेतकरी संघटनेने केलेल्या आंदोलनात नाशिक जिल्हा आघाडीवर होता. याच जिल्ह्यात, नाशिकच्या ईशान्येस सु. ६५ किमी. वरील चांदवड येथे ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. लाखाहून अधिक शेतकरी स्त्रिया त्यास जमल्या होत्या. शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी या निमित्ताने केलेली मांडणी चांदवडची शिदोरी या नावाने प्रसिद्ध आहे. अधिवेशनातील विचारांतूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, म्हणजे सातबाऱ्यावर तिचे नाव लागावे, आणि शंभर कुटुंबांनी तसे केल्यास त्या गावाचा गौरव करावा, अशी योजना होती. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्यांपैकी आरंभीचे गाव होय. पतीच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या दानाला हक्क म्हणावे काय, हा आक्षेप रास्त आहे. मालमत्ता व मारहाण यांतील संबंध मात्र काल्पनिक नाही. प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनी केरळमध्ये केलेल्या अभ्यासात (२००५) जमीन व घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या ४९% स्त्रियांना, तर दोन्ही असलेल्या केवळ ७% स्त्रियांना शारीरिक हिंसा सोसावी लागल्याचे आढळले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले व त्याच वर्षी हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद ठरविले.

निवासाचा हक्क कायद्यात आला तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याने. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या या कायद्यानुसार, घर कोणाच्याही मालकीचे असो, स्त्रीला सामायिक घरात राहता येते. प्रसंगी दंडाधिकारी पतीलाच बाहेर काढू शकतो. दोन महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर या व्याख्येबाहेर ठेवले. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या असंख्य सुनांचा हक्क त्यामुळे आकुंचित झाला. हा अर्थ २०२० मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केला. संरक्षण अधिकाऱ्यांचे काम महाराष्ट्रात प्रारंभी महसूल, बालविकास इ. खात्यांतील अधिकाऱ्यांवर मूळ जबाबदारी सांभाळून सोपविण्यात आले होते. कायद्याचा हा कणाच दुबळा राहिला.

पोलिसांकडे न जाणारी स्त्री जखमेवर उपचारासाठी रुग्णालयात जाते. हे ओळखून मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र निघाले. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुढे वैद्यकीय अभ्यासक्रमात लिंगभाव दृष्टिकोनाचा समावेश केला, हे त्याच दिशेचे पाऊल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सु. १४% स्त्रियांनीच मदत मागितली होती. २०१५ पासूनच्या ‘सखी’ केंद्रांत वैद्यकीय, कायदेविषयक व पोलिसी मदत एका ठिकाणी मिळते. तेथील तात्पुरता निवारा पाच दिवसांचा असतो. न्यायालयाने अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न करावयाची मुदत पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांची आहे.