वॉशिंग्टन यांचा घसा

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं. जॉर्ज वॉशिंग्टन कशाने गेले, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

१२ डिसेंबर १७९९ रोजी ते बर्फ-पावसात घोड्यावरून शेतावर फिरले. १४ तारखेच्या पहाटे घसा इतका सुजला की बोलवेना, गिळवेना, श्वासही घेववेना. तीन डॉक्टर आले. दिवसभरात दोन लिटरांहून जास्त रक्त काढलं गेलं. तेव्हाची रीतच ती. तिघांत धाकटे डॉ. डिक म्हणाले, श्वासनलिकेला छेद देऊन हवेला वाट करू. थोरल्यांना पटलं नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन गेले. छेदाने वाचलेच असते असं नाही, पण दुखणं नेमकं कुठे अडलंय ते धाकट्याने ओळखलं होतं.

आजही डॉक्टर आधी श्वासाची वाट राखतात. प्रतिजैविकं, पू काढणं सोबतीला. साध्या किडलेल्या दाढेचा संसर्ग मानेत उतरला तरी अशीच घुसमट होते. म्हणून जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, लाळ गिळवेना, तर गुळण्या करत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा. आणि घरातलं धाकटं माणूस ‘चला’ म्हणालं, तर आम्हा थोरल्यांनीही ऐकावं.