घाम, मीठ आणि मूत्रपिंड

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. हंगाम मार्चपर्यंत लांबला की फडातील उन्हात घामावाटे शरीरातील पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जाते. तरीही रक्तातील सोडियमचे प्रमाण सहसा ढळत नाही. हे काम मूत्रपिंडांचे.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ असते! यातील ९९ टक्क्यांहून अधिक मीठ रक्तात परत घेतले जाते. दोन तृतीयांश भाग सूक्ष्म नलिकांच्या आरंभीच शोषला जातो. खरा हिशेब होतो तो अखेरच्या टप्प्यात. तेथील पेशींच्या पटलात प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म द्वारे असतात. त्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. मीठ कमी पडले की अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते आणि सोडियमच्या वाहिन्यांची संख्या वाढते. सोडियम आत येतो, पेशीच्या दुसऱ्या बाजूचा 'पंप' त्याला रक्ताकडे ढकलतो. याची किंमत पोटॅशियमच्या रूपाने मोजावी लागते. तो स्वतःच्या वाहिन्यांतून मूत्रात जातो.

पाण्याची वाट निराळी. तिला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. काटेकोरपणे पाहता ही आयन-वाहिनी नव्हे, कारण तिच्यातून आयन जात नाहीत. तिच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पोटॅशियम वाहिनीची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन त्यात सहमानकरी होते. शरीर कोरडे पडू लागले की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन येते, पेशीत साठवलेली अ‍ॅक्वापोरिन काही मिनिटांत पटलावर चढतात आणि लघवी थोडी व गडद होते.

मात्र या काटकसरीला मर्यादा आहे. मूत्र रक्ताच्या साधारण चौपटच दाट होऊ शकते. त्यामुळे टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्यासाठी दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी खर्चावेच लागते. फडावर शौचालय नसल्याने अनेक स्त्रिया मुद्दाम कमी पाणी पितात, तेव्हा ताण नेमका येथे पडतो.

एल साल्वादोर व निकाराग्वातील ऊसतोड मजुरांत, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही, दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. कारणांविषयी वाद संपलेला नसला तरी उष्णता, कष्ट आणि निर्जलीकरण यांवर संशोधकांचा मुख्य रोख आहे. निकाराग्वात पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था सुधारल्यावर हंगामातील मूत्रपिंडाच्या इजा घटल्या.