‘चेक’ या शब्दाची वंशावळ



‘चेक’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याचा कधी विचार केला आहे काय? गुरुजी वह्या चेक करतात, वालिद बँकेत चेक भरतात आणि धाकट्याला ईदसाठी चेक्सचा सदरा हवा असतो. तिन्ही अर्थांचा वरवर पाहता एकमेकांशी काडीचाही संबंध दिसत नाही.

आपल्यात एक समजूत बरीच रूढ आहे की, हा शब्द अरबी ‘सक्क’वरून आला. सक्क म्हणजे लेखी दस्तऐवज, पैशाची चिठ्ठी. अशा चिठ्ठ्या अब्बासी काळात सर्रास चालत, हे खरे. दहाव्या शतकातील प्रवासी इब्ने हौकल याने पश्चिम आफ्रिकेतील औदघस्तच्या एका व्यापाऱ्यावरील ४२,००० दीनारांच्या सक्कची नोंद करून ठेवली आहे. परंतु व्यवहार एक असला म्हणून शब्द एक ठरत नाही. सक्कपासून इंग्रजी चेकपर्यंतची वाट कागदोपत्री सापडत नाही. (शिवाय जुने अरबी कोशकार ‘सक्क’लाही मूळचा फारसीच मानतात!)

खरी वाट सापडते ती बुद्धिबळाच्या पटावर. भारतातील ‘चतुरंग’ इराणात जाऊन ‘चतरंग’ झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले. अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे उच्चार नाहीत, म्हणून त्याचे ‘शतरंज’ झाले. पण राजावर हल्ला होताच द्यावयाचा ‘शाह!’ हा इशारा फारसीच राहिला. तो अरबांबरोबर युरोपात गेला, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजांच्या तोंडी ‘चेक’. खेळाचे इंग्रजी नाव ‘चेस’ हेदेखील त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन होय.

राजाला शह बसला की खेळाडूला हातचा बेत सोडून थांबावे लागते. म्हणून चेक म्हणजे अटकाव, मग नियंत्रण आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तपासणी. गुरुजींची लाल शाई येथून आली.

सदऱ्याचे चौकडे पटावरून आले, हे सांगावयास नको. बँकेची गोष्ट मात्र थोडी लांबची आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल एका मोठ्या मेजावर मोजला जाई. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने त्याच शतकात या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेज सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद असल्याचे म्हटले आहे. त्यावर रेघांचे कापड अंथरून रकान्यांत सोंगट्या सरकवीत हिशेब होई. दिसावयास तो बुद्धिबळाचा पटच. म्हणून त्या खात्याला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे. अठराव्या शतकात लबाडी रोखण्यासाठी हुंडीवजा कागदाचे स्थळप्रत म्हणून ठेवलेले अर्धुक ‘चेक’ म्हटले जाई. पुढे नाव त्या कागदालाच चिकटले. इंग्रजांनी एक्सचेकरच्या धर्तीवर त्याचे स्पेलिंग ‘क्यू’ घालून बदलले. अमेरिकेत तपासणीचे व बँकेचे स्पेलिंग आजही एकच आहे, आणि आपल्या मुलांचे गुण जातात ते नेमके येथेच.

मराठीला मात्र एवढा फेरा घालावा लागला नाही. फारसीतून ‘शह’ सरळ आपल्याकडे आला आणि इतका रुळला की आपण त्याला ‘काट’ जोडून ‘काटशह’ केला. तोच शब्द इंग्रजांच्या जहाजातून ‘चेक’ होऊन दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्याला कोणी ओळखले नाही.

राहता राहिला ‘शहमात’मधील ‘मात’. कोणी तो अरबी ‘मरण पावला’ या अर्थाचा मानतात, कोणी फारसी ‘हतबल झाला’ या अर्थाचा. मला दुसरा अर्थ पटतो. कारण पटावर राजा कधी मारला जात नाही, त्याला फक्त हलण्यास जागा उरत नाही.