भिंगावरची निळसर झाक

दुसऱ्या महायुद्धापूर्वीची कॅमेऱ्याची भिंगे जमवू लागलेला माणूस काचेवर निळसर-जांभळी झाक दिसली, की ती मळ समजून घासू लागतो. तिथे थोडे थांबावे.

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये झाईससाठी रचलेल्या ‘प्लानार’मध्ये हवेला भिडणारे असे आठ पृष्ठभाग होते. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवे. शिवाय त्यातला काही आतल्या आत भटकून चित्रावर धूसर पडदा धरी. रुडॉल्फ यांच्याच १९०२ च्या ‘टेसार’ने पृष्ठभाग सहावर आणले, आणि बाजार टेसारचा झाला. प्लानार चांगला असूनही मागे पडला.

यॉर्कच्या कुक कंपनीतील हॅरल्ड डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकात एक विलक्षण गोष्ट आढळली: वयोमानाने डागाळलेले भिंग नव्याहून अधिक प्रकाश आत सोडते. हा डाग रसायनांनी मुद्दाम पाडण्याचे पेटंट त्यांनी १९०४ मध्ये घेतले. परिणाम मात्र बेभरवशाचा. भरवशाचा उपाय, निर्वातात चढवलेला पातळ लेप, झाईसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. युद्धानंतर प्लानार परतला तो या लेपामुळे.

बुरशी अर्थातच काढावी. ती काच खाते. झाक मात्र राहू द्यावी. एका टेसारवरची मी हौसेने पुसून बसलो आहे. आता तो सूर्य पाठीशी घेऊनच वापरतो.